दोन बोटं

पट्टी आणि मनगट यांच्यात
दोन बोटं गेली पाहिजेत.
एकच गेलं तर घट्ट.
तीन गेली तर पेशंट सुटणार,
आणि सुटला की आधी नळी ओढणार.
हे बनसोडे सिस्टरांनी शिकवलं, सिव्हिलला, पहिल्याच आठवड्यात,
माझेच हात खाटेला बांधून.
"पाच मिनिटं बसा मामा असेच," म्हणाल्या
आणि चहाला गेल्या.
नाक खाजायला लागलं तेव्हा कळलं
पाच मिनिटं केवढी असतात.

त्याआधी मी अक्कलकोट रोडला,
टॉवेलच्या कारखान्यात, गेटवर.
तिथं बोटं मोजायला कुणी शिकवलं नाही.
शिट्टी दिली, काठी दिली,
म्हणाले, धरायचं.
एका रात्री सुताचे कोन पळवणारं पोरगं धरलं,
पालथं पाडलं, पाठीवर गुडघा.
दम, दम लागतोय, म्हणत होतं.
मी म्हणालो, नाटक नको बे.
मग त्याचं बोलणं थांबलं
आणि मला वाटलं, झालं शांत.

उठलं ते. पाणी मारल्यावर उठलं.
पण "शांत" हा शब्द
तेव्हापासून मी जपून वापरतो.

खाट अकरा. लक्ष्मीपती मेरगू, वय एक्क्याऐंशी,
खुब्याचं ऑपरेशन, तिसरी रात्र.
मे महिना. पंखा गरम हवाच ढवळतोय.
दिवसा मुलीला ओळखतात, जावयाला शिव्या देतात,
सगळं ठीक.
अंधार पडला की म्हातारा उठून
साखर पेठेतल्या मागावर जाऊन बसतो.
"पोगु तेगिंदी. पोगु तेगिंदी."
धागा तुटला म्हणे.
तुटलेला धागा म्हणजे सलाईनची नळी.
तो सांधायला जातो
आणि चादरीवर रक्त.

डॉक्टरांनी लिहून दिलं. श्यामलाताईंनी सही केली,
कागदाकडं न बघता, माझ्या हातांकडं बघत.
मी बांधलं.
दोन बोटं घालून बघितली.

वॉर्डात चाळीस खाटा, रात्रीचा मामा एक.
बरीचशी बांधाबांध या भागाकारातून येते.
तरी अर्ध्या तासाला बघायचं:
नखांचा रंग, बोटं गार पडलीत का,
तहान, लघवी, चष्मा कुठंय.
पहिल्या फेरीला म्हातारा डोळे न उघडता म्हणाला,
"ही गाठ कुणाची?"
माझी.
"सुताला अशी मारली असतीस
तर मालकानं दुपारीच हाकललं असतं."
मराठीत, स्वच्छ.

दुसऱ्या फेरीला गाठ सुटलेली.
कशी, ते अजून कळलं नाही.
पट्टी घडी घालून उशाशी ठेवलेली,
नळी जागच्या जागी,
आणि दहाही बोटं हवेत, काहीतरी शोधत.

पट्टी उचलली मी. परत बांधायची तयारीच होती.
मग माझ्या पिशवीतली जुनी चादर काढली,
दशा उसवलेल्या,
आणि त्याच्या पोटावर टाकली.
बोटांना काठ सापडला.
चौदा नंबर ओरडत होता,
त्याच्याकडं जायला मला उशीर झाला, हेही खरं.
चारपर्यंत म्हातारा दशा वळत होता,
चार धागे, पीळ, गाठ,
चार धागे, पीळ, गाठ.

सकाळी रजिस्टरात लिहिलं:
३.१० वाजता पट्टी सोडली. कारण,
आणि पेन अडलं.
"शांत" लिहिणार नव्हतो.
"रुग्ण कामात आहे," लिहिलं.
सिस्टर हसल्या नाहीत. खाली सही केली.

दुसऱ्या रात्री माझी सुट्टी.
परवा आलो तर हात पुन्हा बांधलेले,
गेनू मामांनी. पण गाठ वेगळी,
बारीक, चपटी, सुतात लपेल अशी.
"म्हाताऱ्यानंच शिकवली," गेनू मामा म्हणाले.
सुटणारी की न सुटणारी, मी विचारलं नाही.
बोटं घालून बघितली.
बरोबर दोन.