दोराचं शेवटचं टोक

ग्रिम्सबीत, गोदीच्या मागच्या रस्त्यावर,
वृद्धाश्रमातली माझी तिसरी रात्रपाळी.
नऊ नंबरच्या खोलीत विल्फ ऑक्सटोबी म्हणाला,
‘आज मी हवामानाच्या खाली आहे, पोरी.’

केरेनच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे.
हवामानाच्या खाली तर सगळेच असतात.
तरी खिडकी तपासली. बंद होती.
आणखी एक पांघरूण घातलं त्याच्यावर
आणि नोंदवहीत लिहिलं :
छताखाली आहे. कोरडा आहे.

सकाळी ते वाचून डोना इतकी हसली
की चहा नाकातून आला तिच्या.
मग डोळे पुसत म्हणाली,
‘अगं तिऱ्हास, त्याला बरं वाटत नव्हतं. एवढंच.’

एवढंच.
एका माणसाला रात्रभर बरं नव्हतं
आणि मी ढग मोजत बसले होते.

तेव्हापासून एप्रनच्या खिशात छोटी वही.
बावीस नंबरच्या थर्लबींनी
लाकडी बूट उडवले म्हणे काल रात्री;
मी खाटेखाली वाकले, कपाट उघडलं,
सापडल्या नुसत्या सपाता,
एकीची टाच झिजलेली.
मग गादीकडे पाहिलं. चादर काढून नेलेली.
वहीत लिहिलं : बूट = माणूस.
नंतर ते खोडलं.

विल्फ म्हणायचा, ‘मी तुझा पाय ओढतोय.’
हात तर दोन्ही पांघरुणावर असायचे.
थट्टा करतोय हे कळायला मला मार्च उजाडला;
कळल्यावर मीही एकदा त्याचा ओढला,
सांगितलं, आमच्या डोंगरात मासे झाडावर राहतात.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस
खोकला येईपर्यंत हसला.

एकदा औषध घेताना म्हणाला,
‘चल, जाऊ बिटर एंडपर्यंत.’
मी लिहिलं : कडू शेवट.
त्याने वही मागितली, चष्मा मागितला,
आणि ‘कडू’वर बोट ठेवलं.
‘हे पूस.
बिट म्हणजे डेकवरचे खुंट.
नांगराचा दोर त्यांना बांधलेला असतो.
पाणी खोल असलं की दोर सोडत जायचा,
सोडत जायचा,
आणि खुंटाजवळचं टोक हातात आलं
की झालं.
त्यापुढे दोर नाही. नुसतं पाणी.
चव लोकांनी मागाहून लावली.’
झग्याचा पट्टा त्याने खाटेच्या दांडीला गुंडाळून दाखवला.
बोटं थरथरत होती, गाठ नाही.

नोव्हेंबरात, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
मला वही लागली नाही.
त्याचा हात मी धरला होता
आणि मग फक्त मीच धरला होता.

मी दार लोटलं.
डॉक्टरला फोन. मुलीला फोन, ती हलमध्ये.
पलीकडून डॉक्टरने विचारलं,
‘शांतपणे निसटला का?’
हो म्हणाले. कुठून, कुठे, विचारलं नाही.
नोंदवहीत मात्र हात अडला.
इथले सगळे शब्द मला बुटांसारखे वाटले,
दुसऱ्या कुणाच्या मापाचे.
मी आमच्याकडचा लिहिला,
आई माझ्या बापासाठी वापरायची तो,
इंग्रजी अक्षरांत, नीट, वेळेसकट :
विल्फ ऑक्सटोबी विसावला.

सहाला डोना आली. मी मुलीशी फोनवर.
तिने वही वाचली, मान डोलावली,
आणि त्याच्यासाठी चहा केला,
दोन चमचे साखर, त्याला लागायची तशी.
बोळातून जाताना तिचे बूट वाजत होते,
मी हात केला, ती ‘चालू दे तुझं’ म्हणाली.

मग कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज.
मग काहीच नाही.

मी गेले तेव्हा ती खुर्चीत बसलेली,
दांडीवरच्या पट्ट्याकडे बघत.
‘मला वाटलं, झोपलाय,’ म्हणाली.
मी म्हटलं, ‘आमच्यात असंच म्हणतात.’
ती बराच वेळ गप्प. मग,
‘आणखी कसं म्हणतात?’

ते मी सांगत राहिले, डॉक्टर येईपर्यंत.
चहा आम्ही दोघींनी आळीपाळीने प्यायला.
गार होता. गोड होता.