फॉल्टची चादर

साडेनऊला अंगणवाडीचा पत्रा तापायला लागतो.
त्याच्या आत आमचं मैदान उरकायचं असतं.
मैदान म्हणजे नीलमनगरच्या मागची एक बोळ
आणि लिंबाची सावली, तीही अर्धीच,
अर्धी कारखान्याच्या भिंतीवर वाया जाते.
भिंतीपलीकडे माग खडखडतात.
पोरं त्या ठेक्यावरच बेडूकउड्या मारतात,
मला टाळी वाजवावी लागत नाही.

पटावर चौदा, आज अकरा.
नागमणी, भूमेश, अल्फिया, रेवणसिद्ध,
त्याची ती चप्पल न सोडणारी बहीण...
मी ओरडते : पळ! उरुकु! ओडु! भागो!
चौथ्या भाषेपर्यंत येते
तोवर पहिली ओळ भिंतीला शिवून परत आलेली असते.

अंबादास पळत नाही.
साडेतीन वर्षांचा. आई विड्या वळते,
सूप तिच्या मांडीवर, हा सुपाशेजारी.
पानं उडू नयेत म्हणून हलायचं नाही,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही,
त्याच्या गुडघ्यांनीच ते ओळखलंय.
विष-अमृतात त्याच्याइतका पक्का कुणी नाही.
विष म्हटलं की थांबतो.
अमृत म्हटलं, शिवलं, ढकललं,
तरी थांबलेलाच.
नागमणी वैतागते, "बाई, हा विषातच राहतोय बगा."

चादर भूमेशच्या बापानं आणून दिली.
जेकॉर्डचं कार्ड चुकलं, मोराची मान मधेच तुटली.
"व्यापारी घेत नाही. पोरांना बसायला घाला."
दोन दिवस बसवली मी पोरं.
तिसऱ्या दिवशी कडा त्यांच्या मुठीत दिल्या,
मध्ये चिंध्यांचा चेंडू.

जड असते हो आपली चादर.
एक, दोन... आणि तीनच्या आधीच कुणीतरी उचलतं,
चेंडू रेवणसिद्धच्या डोक्यावर.
परत. एक, दोन...
खांदे कानाला, टाचा वर, नखं पांढरीफटक.
प्रशिक्षणात म्हणाल्या होत्या, मोठ्या स्नायूंचा विकास.
मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

मग खेळ वाढला.
चादर वर फुगली की जिचं-ज्याचं नाव,
त्यानं खालून पलीकडे पळायचं, ती पडायच्या आत.
अल्फिया गेली. नागमणी दोनदा,
त्यात एकदा नाव नसताना.

अंबादासचं नाव मी घेतलंच नव्हतं, शपथ.
मोराची तुटकी मान उन्हात गेली
आणि त्यानं कडा सोडली.
पळाला नाही तो, खोटं का सांगू.
हात अंगाला चिकटवून चालला,
जशी दोन्ही बाजूंना पानं रचलेली असावीत.
आणि बरोब्बर मध्ये थांबला.

चादर खाली यायला लागली.
सगळी ओरडली, ज्याला जी भाषा सुचली तीत.
पण हात कुणी खाली केला नाही.
दहा जणांचे वीस दंड थरथरत होते,
रेवणसिद्धची बहीण चप्पल सोडून चवड्यांवर,
भूमेशनं कड दातात धरलेली.
मागाचे बारा-पंधरा ठोके गेले असतील.
तो मान वर करून बघत होता,
पोटाखालून मोर कसा दिसतो ते.
मग निघाला पलीकडे.
पलीकडे पोचून वळला, पुन्हा आत.
मग त्याला बाहेर काढणं हाच खेळ झाला.

त्या दिवशी वजन होतं.
बारा किलो शंभर, मागच्या महिन्याइतकंच.
रकान्यात तेवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आई आली, हाताला तंबाखूचा वास.
"रात्री पाय दुखतायत म्हणून रडला. काय केलंत बाई?"
म्हटलं, खेळला.
ती बघतच राहिली,
जसं हजारामागे मजुरी वाढली म्हणून कुणी सांगावं
आणि खरं वाटू नये.

चादर काल तशीच पडली होती, धुळीची.
एकटीला घडी होत नाही तिची.
मी एक टोक उचललं.
न सांगता तिनं दुसरं धरलं,
आणि झटकलं, जोरात.