लायब्ररी सापडत नाही

चोपड्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सव्वाअकरा.
मे महिना, डांबर बूट धरून ठेवणारं.
पिशवीत जास्तीचा एक कार्ड रीडर, दोन केबली,
कळण्याची भाकरी,
ठेचा वेगळ्या पुडीत.

वाचनालयातला पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देत होता.
शैलजाताई भावसार म्हणाल्या, तीन दिवस झाले,
कार्ड घातलं की हिरवा दिवा लुकलुकतो
आणि पडद्यावर तेच ते वाक्य.
मी ते वाचून दाखवलं, मराठी करून :
सामायिक लायब्ररी उघडता येत नाही,
अशी कोणतीही फाईल अस्तित्वात नाही.

सुपडूआप्पा स्टुलावर चढून कपाटावरची धूळ झटकत होते.
हात थांबला.
"लायब्ररी सापडस नही?
मंग आपन कोठे बठेल शेतस?"

हसलो खरा, पण दुपारपर्यंत
माझाही प्रश्न तोच होऊन बसला.

काळ्या खिडकीत एकेकाची चौकशी करत गेलो.
हे सॉफ्टवेअर कुणाकुणाच्या जिवावर चालतं
त्याची यादी निघाली, मानपानाच्या यादीएवढी लांब.
प्रत्येकापुढे पत्ता.
एकापुढे फक्त : सापडत नाही.
रीडरशी बोलणारा नेमका तोच.

आणि होता की तो! जागच्या जागी होता.
नावाला फक्त शेपूट फुटलं होतं, टिंब एक.
मागच्या आठवड्यात मशीन आपोआप अपडेट झालं
आणि जुन्या नावाची चिठ्ठी केरात गेली.

नवी चिठ्ठी लावली. आमच्यात तिला लिंक म्हणतात :
या नावाने कुणी विचारत आलं
तर त्याला तिकडच्या घरी पाठवा.
कार्ड घातलं. दिवा लुकलुकला.
वाक्य बदललं : चुकीचा वर्ग.

सॉफ्टवेअर जुनं, बत्तीस बिटांचं,
मी नेऊन बसवलं चौसष्टच्या खोलीत.
सहावीतलं पोर बारावीच्या बाकावर बसेलही,
पाय जमिनीला लागायचे नाहीत.
माझी चूक. ताईंना सांगितली नाही.

भाकरी खाल्ली. आप्पांनी माठातलं पाणी दिलं.
मोबाईलच्या नेटवर बत्तीसची लायब्ररी उतरवायला लावली,
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर लाईट गेली.

पावणेदोन तास.

तेवढ्यात एक मुलगी दारात येऊन उभी,
पक्ष्यांचं पुस्तक पाहिजे, निळ्या पुठ्ठ्याचं.
शैलजाताईंनी सवयीने मशीनकडे पाहिलं. मशीन काळं.
आप्पा मान वर न करता बोलले,
"ते गोटूना घर शे, पन कार्ड त्याना मोठा भाऊनं.
भाऊ सुरतले गया.
गोटूले म्हन, आप्पा मांगस."

मुलगी पळाली. चपला तिथेच विसरली,
परत आली, घातल्या, पुन्हा पळाली.

मी विचारलं, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय?
"त्यामां काय लिखनं?"

चार वाजता लाईट आली, उरलेले दोन टक्के उतरले.
मशीनला सांगितलं, सगळी कपाटं पुन्हा मोज,
कोण कुठे ठेवलाय ते नव्याने टिपून घे.
मोजली त्याने, मी घाम पुसेपर्यंत.
ताईंनी पर्समधून स्वतःचंच कार्ड काढून दिलं.
घातलं.
टुक्.
नाव आलं, फोटो आला,
खाली लाल अक्षरात : सहा पुस्तकं थकीत.

"एवढं छापू नकोस बाबा," ताई म्हणाल्या.

निघताना रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं :
पुढच्या अपडेटला हे परत हरवेल.
नाही म्हणालं तरी ते असतं.
आधी पूर्ण नावाने हाक मारा, मग वर्ग विचारा.
एवढ्याने भागलं नाही तर

इथे पेन अडलं.
आप्पांचा मोबाईल नंबर मागितला.
"मोबाईल नही," ते म्हणाले, "मी आठेच ऱ्हास."

तेवढंच लिहिलं.