विथ काय?

काझी सरांनी फळ्यावर शब्द लिहिला
आणि मधल्या दोन अक्षरांखाली बोट ओढलं:
जी, एच.
"हे दोघं नुसते बसून आहेत,
सोयरिकीला आलेल्या पावण्यांसारखे. बोलत नाहीत.
म्हणा, फ्रॉट."
उदगीरच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या खोलीत
आम्ही अकरा जण म्हणालो, फ्रॉट.

"पेपरात येतं, तणावपूर्ण पण नियंत्रणात,
तो टेन्स. तो निराळा.
फ्रॉट म्हणजे मुळात लादलेला. बघा, तो ट्रक."
सगळ्यांनी खिडकीतून बघितलं.
फळीवरून पोतं घेऊन अण्णा चढत असणार,
म्हणून मी वहीतच बघत राहिले.

"आणि फ्रॉट म्हणून पळायचं नाही.
पुढं विथ लागतो.
विथ काय? बोलो की!
कशानं भरलंय, ते सांगावं लागतं."

"सर, मराठीत काय म्हणायचं ह्याला?"
सरांनी खडू बोटांत फिरवला.
"सोमवारी सांगतो."

रविवारी औरादहून ताईच्या सासरची माणसं आली.
सहा जण, एक जीप.
चहावर साय धरली.
कुणीच बोलेना. जी, एच.
मी आतून सरांसारखी विचारत होते,
विथ काय?
बोरमाळ? प्लॉटचे राहिलेले पैसे?
वैशाखात ताई मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालते, ते?
"झालं ते झालं," सासरा म्हणाला,
"लेकीला लावून द्या."
वाक्य तिथंच सोडून
त्यानं सुपारी कातरायला घेतली.
अण्णांची मान पोतं नसतानाही वाकलेली.

ताई चौकटीला धरून उठली. सातवा महिना.
"बस की माय," शेजारची गयामावशी म्हणाली,
"अवघडलेलं माणूस तू."

ताई बसली नाही.
तिनं बाही वर सारली, कोपराच्याही वर.
"ह्यानं," म्हणाली.
"आणि ह्यानं."
मग दुसरी बाही.

जीप रिकामी गेली.
कपबश्या मी विसळल्या, एकीचा कान निघाला.

सोमवारी सरांच्या आधी मीच सांगितलं:
अवघडलेला.
सर थोडा वेळ शब्द तोंडात घोळवत राहिले.
"और विथ?"
"त्याला आपल्यात वेगळा शब्द नाही, सर.
नुसता 'नं' लागतो.
पण लावावा लागतो."