डोहाचं वावर

सातशे किलोमीटर वरून काढलेला फोटो
मी पंचफुलाबाईच्या खाटेवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवून.
झाडं त्यात लाल, गाव राखाडी,
आणि दर्यापूरच्या अंगानं आलेली एक काळसर शीर
शाळेखालून, मसणवटीखालून
वळसा घेत गेलेली.

"ही जुनी नदी," मी म्हणालो. "बुजलेली.
खाली वाळू असेल, वाळूत गोडं पाणी असेल.
असेल, म्हणतोय. खारपाणपट्टा आहे."

तिनं आधी स्वतःचं टिनाचं छप्पर शोधलं.
मग बकऱ्यांचा कोठा.
मग शिरेवर बोट ठेवून म्हणाली,
"थे तं डोहाचं वावर हाये."

डोह?
सातबाऱ्यावर गट नंबर एकशे बारा, कोरडवाहू.
सकाळीच तिथल्या भेगेत
माझी पेन्सिल अख्खी उतरली होती.

"सासूची सासू भी डोहच म्हने.
काहून म्हने, थे कोनी इचारलंच नाई."

बोअरची गाडी सोमवारी येणार होती.
आम्ही जागा पाहायला निघालो.
बांधाशी आल्यावर
तिनं चपला हातात घेतल्या,
लुगडं घोट्याच्या वर उचललं
आणि जपून, तळाचा अंदाज घेत,
पलीकडे गेली.