टिचकी

जना, तुझं तेरावं झालं आणि वहिनींनी बोलावून घेतलं.
माळ्यावरची तीन खोकी त्यांनी हॉलमधे मांडली होती.
"भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला.
तुम्ही एकदा नजर टाका, भाऊजी."

पहिल्यात बाल्साच्या फळ्या, दगड झालेली डिंकाची बाटली,
आणि टायगर मॉथचा एकच पंख, डावा, वरचा.
खालचा माझ्याकडचा होता. एक्याऐंशी साली नेलास,
परत केला नाहीस. मी विसरलेलो नाही.

दुसऱ्यात तुझ्या वह्या, वीज मंडळाच्या.
पुढून मीटर नंबर, युनिट, घरमालकाचं नाव,
मागून तारीख, वेळ, ढग, आणि
"डाकोटा. लोहगावकडे. डावं इंजिन किंचित कण्हतंय."
ससाणेनगर ते मांजरी, सायकल हाणत
लोकांच्या ओसरीतून तू आभाळाचं रीडिंग घेत होतास
आणि त्याचं बिल कधी कुणाला पाठवलं नाहीस.

तिसरं खोकं रिकामं.
त्यातला अल्टिमीटर वहिनींनी फ्रिजवर ठेवला होता.

आठवतं? जुना बाजार, रविवार, डोक्यावर ऊन,
नळाच्या तोट्या, फुटके कंदील, एका पायाचे चपलांचे ढीग.
विकणारा म्हणाला, घड्याळ आहे, बंद पडलंय, चाळीस द्या.
तू तोंड वाकडं करून पस्तीसला घेतलंस
आणि कुंभारवेस मागे पडल्यावर रस्त्यातच नाचलास.
"तीन हजार फुटांना तो तीन वाजले म्हणतोय रे!"

मग वेताळ टेकडी. पिशवीत अल्टिमीटर, वर शेंगदाण्याची पुडी.
दर वळणाला तू थांबायचास,
काचेवर नखानं टिचकी मारायचास.
"टिचकीशिवाय काटा खरं बोलत नाही. जुना आहे, लाजतो."
फिरायला आलेले लोक आपल्याकडे बघत,
दोन बाप्ये एका डब्याशी काय बोलतात म्हणून.

विमानात तू आयुष्यात एकदाच बसलास, पोराच्या लग्नाला, नागपूरला.
"एस्टीच ती. खिडकी उघडत नाही एवढाच फरक."
पण त्याआधी, तुझ्या पहिल्या पगारात,
हडपसरच्या ग्लायडरमधे आपण पाळीपाळीनं वर गेलो होतो.
विंच ओढते, पोट मागे राहतं,
मग खट्. दोर सुटतो.
पुढे फक्त वारा.
उतरल्यावर मी विचारलं, काय दिसलं?
तू म्हणालास, "आईनं वाळत घातलेली लुगडी."

सुखोई तुला कधी आवडलं नाही.
"हे विमान नव्हे, भांडण आहे," म्हणायचास.
ससूनच्या वॉर्डात शेवटच्या मंगळवारी
काचा हादरवत एक गेलं.
तुझ्या तोंडात नळी. तू एक बोट वर केलंस:
कोणतं?
मी म्हणालो, हार्वर्ड.
तू डोळे मिटून मान हलवलीस, नाही अशी,
आणि ओठांचा एक कोपरा हसला.
इतकी वर्षं माझ्या चुका सुधारत आलास,
ती शेवटची.

वहिनी चहा ठेवून म्हणाल्या,
"परवा रात्री त्याचा काटा वर गेला होता. शंभर फूट.
कुणी हात लावला नव्हता."
मी समजावलं. हवेचा दाब उतरला की होतं असं,
बंगालच्या उपसागरात काहीतरी चाललं असेल,
बाकी काही नाही.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे त्याला वाटलं, घर वर चाललंय?"
हो, म्हणालो. तसंच.

त्या उठल्या, फ्रिजपाशी गेल्या.
"खोकी न्या तुम्ही. हे राहू दे."
आणि नखानं काचेवर दोनदा टिचकी मारली,
अगदी तुझ्यासारखी.

काटा जरा हलला.
मी तुझी वही उघडली, मागून,
आणि लिहिलं: तारीख, वेळ,
ढग विरळ.
आवाजाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
वहिनी म्हणाल्या, साखर कमी आहे का?