पुढून हलकी

क्यू पुढून हलका लागतो, एवढंच म्हणाले मी.
नाना पेठेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीत,
काडगींनी लेथ बंद केला नाही.
पट्टा फिरत राहिला, भुसा उडत राहिला.
"हलका म्हणजे किती?"

किती ते मला कुठं ठाऊक.
फटका सुटताना टोक वर उचलतं,
बोलता बोलता कुणी शेवटच्या शब्दावर आवाज चढवावा
आणि सरळ विधानाचा प्रश्न होऊन बसावा,
तसं.
हे काही सांगितलं नाही. थोडा, म्हणाले.

आधी घरगुती उपाय करून झाले होते.
रास्ता पेठेतलं आमचं टेबल टायरच्या दुकानावर,
खालच्या निसारकडून चाकं बॅलन्स करायचं शिसं मागून आणलं,
ठोकून पट्टी केली, काठीला गुंडाळली,
वरून वायरमनची काळी टेप.
दर फटक्याला बोटांच्या कमानीत अडकायची.
वसुंधरा पानसे हसली
आणि हसत हसत नऊ डाव घेऊन गेली.

काडगींनी काठी आट्यांतून उघडली.
मागचा जाड भाग बाजूला ठेवला, "याला काही झालेलं नाही."
पुढचा एका बोटावर तोलला,
डोळे मिटून, लहान मुलाचा ताप बघावा तसा.
मग बाकाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
आत खिळे.
भिंतीत ठोकायचे नव्हेत, छापखान्याचे.
शनिवारातला कुठलासा छापखाना मोडीत निघाला तेव्हा
किलोवर घेतलेले.
मुंजीच्या पत्रिकांतले, दहाव्याच्या निरोपांतले,
शुद्ध तुपाच्या जाहिरातींतले,
सगळे एकमेकांच्या अंगावर लोळत,
कुणाची ओळ कुणाला आठवत नव्हती.

एकेक उचलून सोनारकाट्यावर.
"हा नको, बारीक आहे. जोडाक्षर बघू.
रुंद असतं, जड भरतं.
दोघांचं ओझं एकाच अंगावर."

सहा मिलिमीटरचं भोक, लाकडाच्या थेट गाभ्यात.
कानशीखाली खिळा गोल होत गेला,
कडेची वेलांटी गेली, आणखी काय काय गेलं,
बाकावर करडी पूड उरली.
ती फुंकली नाही, ओल्या फडक्यानं टिपली.
शिसं फुंकायचं नसतं, म्हणाले,
माझ्या मामानं तीस वर्षं फुंकलं.
पुढं बोलले नाहीत.

सात ग्रॅम.
दोन ट्यूबांचा डिंक, एक रात्र उभी ठेवायची.
एकशे ऐंशी रुपये, सुट्टे.

"कुठलं अक्षर होतं?"
"वजन बघितलं. अक्षर कशाला बघू?"

आता टोक उचलत नाही. फारसं नाही.
शुक्रवारी वसुंधराकडून पाच-चार हरले,
काळा चेंडू खिशाच्या ओठावर थांबला, नाहीतर.
पण खडू घासताना मनात चालूच असतं,
क्ष असेल. त्र असेल.
तळव्याला घाम सुटतो त्या दिवशी हमखास द्व.
गाभ्यात, टोकाकडे तोंड करून,
छापायला लागतं तसं उलटं, अर्धं घासलेलं,
रोज शंभरदा ते पांढऱ्या चेंडूवर जाऊन आदळतं.
मी दर वेळी बघते.
चेंडू कोराच.

आणि जिना उतरताना निसार हमखास विचारतो,
ते बॅलन्सिंगचं शिसं
परत कधी देणार.